डावखुरी घंटा

चामड्याची ती गादी तळहातापेक्षा थोडी लहान होती. एका अंगाला दोन पट्टे, आणि दुसऱ्या अंगाला, अगदी मधोमध नाही, किंचित खाली, एक उथळ खळगा. खळग्याच्या तळाशी चामडं काळं आणि गुळगुळीत झालं होतं; कडेला ते अजून तपकिरी आणि खरखरीत होतं. लोखंडी लोलकावर बांधलेली गादी घंटेच्या काठावर आपटते, आणि आपटते ती नेहमी एकाच जागी. म्हणजे हा खळगा म्हणजे या गावातली सगळी मोठी मयतं, एकावर एक ठेवलेली. सकाळी चर्चच्या मनोऱ्यात, घंटांच्या खाली गुडघ्यांवर बसून ब्रायनीने खळग्यातून अंगठा फिरवला होता. चामडं थंड होतं. मग तिने गादी लोलकाच्या उजव्या अंगाला लावली, पट्टे घट्ट ओढले, आणि पुढच्या घंटेकडे सरकली. सहाही घंटांच्या लोलकांना तिनेच गाद्या बांधल्या. सहाही उजवीकडे.

आता दुपार होती, आणि खालच्या खोलीत ती चौथ्या दोरीवर उभी होती, आणि घंटा सुरू झाल्या होत्या, आणि पहिल्याच ओढीला तिला चूक ऐकू आली. मयताच्या घंटा कशा वाजतात हे इंग्लंडातल्या या स्टोक गावात लहान पोरांनाही कानाने माहीत असतं. सहा घंटा एकामागोमाग मोकळ्या वाजतात, उतरत्या जिन्यासारख्या. मग परतीच्या ओढीला त्याच सहा दबून वाजतात, कारण लोलकाच्या त्या अंगाला गादी असते. आवाज, आणि त्याचा दूरवरून आल्यासारखा पडसाद. पुन्हा आवाज, पुन्हा पडसाद. पण आत्ता मोकळ्या जिन्याची एक पायरी नव्हती. एक, दोन, तीन, मग एक बोळा घातल्यासारखा ठोका, पाच, सहा. आणि परतीला, जेव्हा सगळ्यांनी हळू बोलायचं होतं, तेव्हा दबलेल्या पाच आवाजांच्या मध्ये एकटीच एक घंटा स्वच्छ, मोठ्याने, कुणी न विचारता बोलली. चौथी. तिची.

चौथी डावखुरी आहे, असं या मनोऱ्याची पुढारी मॅज एकदा म्हणाली होती. कधीतरी दुरुस्तीच्या वेळी जागा कमी पडली म्हणून चौथीचं चाक दुसऱ्या बाजूला बसवलेलं, त्यामुळे ती बाकीच्यांच्या उलट दिशेला झोके घेते. उलट दिशेला झोके घेणाऱ्या घंटेची गादी उलट अंगाला बांधायची असते. मॅजने हे शिकवणीच्या सुरात सांगितलं नव्हतं; शिडीवरून उतरताना, हातमोज्यांतून बोटं सोडवत, एखाद्या मावशीच्या खोडीविषयी बोलावं तसं म्हणाली होती. आणि ब्रायनीला ते सकाळी आठवलं नाही. नंतर, घंटा झुलवत झुलवत तोंड आभाळाकडे होईपर्यंत वर चढवताना, सगळ्या आवाजांचा गलका चाललेला असतो त्यात तिला शंका आली होती. गलका थांबला तेव्हा सांगता आलं असतं. सहाव्या दोरीवरच्या कॉलिनने घड्याळाकडे पाहिलं होतं. खाली फाटकाशी मयत न्यायची काळी गाडी येऊन उभी राहिल्याचा आवाज आला होता.

"काही म्हणालीस का, पोरी?" कॉलिनने विचारलं होतं.

"नाही," ती म्हणाली होती.

आणि आता काही करता येत नव्हतं. एकदा सुरू झाल्यावर वर जाता येत नाही. वर टनभर धातू फिरत असतो. दोरी सोडता येत नाही. फक्त बरोबर वेळेला ओढता येतं, चुकीची घंटा, बरोबर वेळेला. ती ओढत राहिली. दोरीवरचा लोकरीचा जाड भाग छातीसमोर खाली येत होता, हातात येत होता, वर जात होता. पटकन सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून घेतलं तिने. पहिल्या दोरीवर जीन, ओठ मिटलेले. दुसऱ्या दोरीवर जीनचा नवरा टेड, ज्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्याने ऐकायचं नसतं असं जीन म्हणते. तिसऱ्या आणि पाचव्यावर शेजारच्या पॅरिशच्या चर्चमधून आलेली दोघं, पाहुण्यासारखी, जमिनीकडे बघणारी. सहाव्या, सगळ्यात जड घंटेवर कॉलिन. त्याने बस चालवायच्या दिवसांतला काळा कोट घातला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि हात दोरीत असल्यामुळे ते त्याला पुसता येत नव्हतं. कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही. ऐकू तर सगळ्यांना येत असणार.

दीड वर्षापूर्वी ती या खोलीत पहिल्यांदा आली तेव्हा तिला घंटांमध्ये काडीचा रस नव्हता. शाळा संपवून सिक्स्थ फॉर्मला गेलं की दोन वर्षं फक्त तीन विषय, आणि बुधवारी दुपारी एकही तास नाही. त्या वेळात अभ्यासाबाहेरचं काहीतरी करायचं, शक्यतो लोकांच्या उपयोगाचं. शिक्षिका मिस हॅसल या शब्दांनी मोहरून जायच्या: समाजाशी नातं. प्रथमोपचार भरला होता, मूकबधिरांची भाषा भरली होती, वृद्धाश्रमात बिंगो खेळवायला जाणारा गटही भरला होता. उरलं होतं ते घंटा वाजवणं आणि कालव्यातला कचरा काढणं. ब्रायनीने कोरडी जागा निवडली.

"घंटा वाजवून समाजसेवा?" बाबा म्हणाले होते. ते शेगडीपाशी ओटकेकवर, ओटच्या पिठाच्या धिरड्यावर, चीज किसत होते. "आमच्या वेळी समाजसेवा म्हणजे कोर्टाने दिलेली शिक्षा असायची. तू काय चोरलंस?"

आणि मॅजनेही पहिल्याच बुधवारी तेच उडवून लावलं होतं. ती छोटी, रुंद खांद्यांची, औषधांच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेली बाई होती. माणसाकडे बघताना त्याला किती मिलिग्रॅम लागेल याचा हिशेब केल्यासारखं बघायची. "समाजाशी नातं? समोरच्या इमारतीतला तो माणूस दर रविवारी खिडकी उघडून मला शिव्या देतो. ते नातं म्हणायचं असेल तर आहे बाई, जुनं आणि पक्कं." आणि ब्रायनी "मिसेस कार्टलिज" म्हणाली तेव्हा: "मॅज म्हण. मिसेस कार्टलिज म्हणजे माझी सासू. तिला या दोरीला लटकवायची इच्छा मी फार वर्षं दाबून ठेवली."

ब्रायनी पटकन शिकली. तिला ते गणितासारखं दिसायचं. सहा आकडे, दर ओळीत एकेका जागेने सरकणारे, कोणतीही ओळ पुन्हा न येता. कुठल्या ओढीला कुणी कुणाशी जागा बदलायची हे पुढाऱ्याने मोठ्याने सांगायचं असतं, आणि सांगायचं असतं एक ओढ आधी, कारण ऐकलेलं हातात उतरायला तेवढा वेळ लागतो. ब्रायनीला ते कळायचं. मॅजच्याही आधी कळायचं कधी कधी. फक्त तिच्या तोंडून ते बाहेर पडायचं नाही. ओठ हलायचे. क्षण निघून जायचा, सहा घंटा एकमेकींवर आदळायच्या, आणि मॅज ओरडायची, "थांबा!" आणि सगळं उभं राहायचं. मग शांततेत, दोरीचं टोक गुंडाळत, ती म्हणायची, "बरोबर होतीस. पण डोक्यात दिलेली हाक कुणाला ऐकू येते गं? आम्ही काय तुझ्या कवटीत राहतो?"

परतीची ओढ आली. पाच दबलेले ठोके आणि मध्ये तिची घंटा, उघडी, जवळजवळ उद्धट. खाली, चर्चच्या आवारातल्या वाटेवर, मॅजची शवपेटी आता खांद्यावरून गाडीकडे जात असणार, आणि तिच्यावर हे पडत असणार. ब्रायनीला एक विचित्र गोष्ट जाणवली. तिच्या घंटेत पडसाद आधी येत होता आणि आवाज नंतर. असं जगात कुठे होत नाही. ध्वनी भिंतीवर जाऊन परत येतो, आधी परत येऊन मग जात नाही. पण तिच्या बाबतीत, तिला वाटलं, नेहमी असंच झालं आहे. मॅज गेली तेव्हा तिला रडू आलं नाही, कारण ते आधीच, ऑक्टोबरपासून, रोज थोडं थोडं, आतल्या आत येऊन गेलं होतं. आणि आई. आईच्या वेळी ती तेरा वर्षांची होती. त्या हिवाळ्यात तिला शाळेच्या जेवणाच्या रांगेत, बसच्या थांब्यावर, अचानक घर रिकामं असल्यासारखं ऐकू यायचं, आणि घरी जावं तर आई सोफ्यावर पांघरूण घेऊन बसलेली, जिवंत, टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेला चुकीची उत्तरं देणारी. दहनगृहात घंटा नव्हती. एक गाणं होतं, बाबांनी निवडलेलं, आणि ते अर्ध्यावर होतं तेव्हा पडदा सरकला आणि कुणीतरी बटण दाबून ते हळूहळू बारीक करत नेलं, कारण बाहेर पुढच्या मयताची माणसं छत्र्या मिटत उभी होती. बाबा कडव्याच्या पुढच्या ओळीसाठी मान किंचित उचलून थांबले होते. ती ओळ आली नाही. तशीच उचललेली मान घेऊन ते गाडीपर्यंत गेले. त्यानंतर घरात ते गाणं कधी कुणी लावलं नाही, आणि त्याबद्दल कधी कुणी बोललंही नाही. त्या घरात काहीच कधी बोललं गेलं नाही. सगळं केलं जायचं. मोजे जोडीने गुंडाळले जायचे, बॉयलर तपासला जायचा, रविवारी बटाटे भाजले जायचे. आणि रात्री बाबा तिच्या दाराबाहेर थोडे थांबून पॅसेजमधला दिवा घालवायचे.

अभ्यासाचं मेज त्यातूनच आलं. मागच्या शरद ऋतूत बाबांनी मागची छोटी खोली रिकामी केली. आईचं शिवणयंत्र पोटमाळ्यावर गेलं. फरशांच्या कारखान्यातून आल्यावर, अंगावरची पांढरी धूळ न झटकता, ते तिथे रंधा मारत बसायचे. एका संध्याकाळी त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, कोपर वाकवायला लावलं, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला.

"सरळ बस. नेहमी बसतेस तशी नको, बसायला पाहिजे तशी."

"कशासाठी, बाबा?"

"तीन वर्षं वाकून बसलीस तर पाठ जाईल."

तीन वर्षं. त्यांनी कोणत्या विद्यापीठात जाणार असं विचारलं नव्हतं. गावापासून बसने वीस मिनिटांवर एक आहे. तिथे भूगर्भशास्त्र आहे. तिथून तिला प्रवेशाचं बोलावणं येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते आलंही. तिने ते दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा डोकं हलवलं आणि जाऊन मेजाला पॉलिशचा आणखी एक हात दिला. ॲबरडीनचं बोलावणं आठवड्याने आलं. ते तिने दाखवलं नाही. ॲबरडीन म्हणजे देशाचं दुसरं टोक, समुद्र, तासन् तास रेल्वे. तिथल्या प्रयोगशाळेत समुद्रतळाखालून काढलेल्या खडकांच्या लांबच लांब कांड्या फळ्यांवर ओळीने मांडून ठेवलेल्या तिने एकदा पाहिल्या होत्या, शाळेच्या सहलीत. करड्या, तांबूस, पुन्हा करड्या. तिथल्या बाईंनी एका कांडीवर पाणी शिंपडलं आणि करडा रंग उठून हिरवा झाला. ब्रायनी तिथून हलेना. बसमध्ये सगळे तिची वाट बघत होते. त्या हिरव्यामागे जायचं हे तिला तेव्हापासून माहीत होतं. फक्त ते डोक्यात होतं.

सांगितलं होतं एकट्या मॅजला. तेही सौदा म्हणून. ऑक्टोबरात एका बुधवारी बाकीचे गेल्यावर मॅज खिडकीच्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "स्वादुपिंड. फार वेळ नाही. नाताळापर्यंत यातल्या कुणाला बोलायचं नाही. कॉलिन रडेल आणि त्याची लय जाईल." मग तिने आपल्या औषधांची नावं सांगितली, गिऱ्हाइकाला समजावून सांगावीत तशी, आणि म्हणाली, "मी एक गुपित दिलं. आता तू एक दे. तुझ्याही पोटात काहीतरी आहे, मला दिसतंय." आणि ब्रायनीने ॲबरडीन दिलं.

नंतर दर बुधवारी दोर गुंडाळताना तोच प्रश्न. "सांगितलंस त्याला?" "सांगते." "कधी?" "या आठवड्यात." जानेवारीत मॅजला जिना चढवेना, तेव्हा तो प्रश्न तिच्या घराच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलेल्या पलंगावरून येऊ लागला. शेवटच्या भेटीत मॅजचे हात चादरीवर होते, दोरीने पडलेले घट्टे पांढरे आणि मऊ पडायला लागलेले. ब्रायनीने त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं.

"तो मोडेल अशी भीती आहे तुला," मॅज म्हणाली.

"त्यांनी मेज केलंय माझ्यासाठी."

"मेज केलंय ना? मेजाला पाय असतात, पोरी, पण ते चालत कुठे जात नाही. राहील तिथेच." ती थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली. "मोडला तर मोडला. एकदा मोडलाय आधी, आणि नंतर सुतारकाम शिकला. पण तू आधी सांग. उशिरा दिलेल्या हाकेने काय होतं, माहीत आहे ना?"

"सगळे एकमेकांवर आदळतात."

"हं." मग डोळे मिटून, जवळजवळ कुरबुरत: "आणि माझ्या मयताला चौथीवर तू उभी राहा. कॉलिनला देऊ नकोस, तो ओढतो बैलासारखा."

दोन दिवसांनी ती गेली. "सांगितलंस का" या प्रश्नाचं शेवटचं उत्तर "सांगते" असंच राहून गेलं.

खोलीत गारठा असूनही ब्रायनीच्या पाठीवरून घाम उतरला होता. किती वेळ झाला होता? वेळाचं तिला कळेना, पण खांद्यांना कळत होतं. मयताच्या घंटा एवढ्या वेळ वाजवत नाहीत. पेटी गाडीत जाईपर्यंत, दार लागेपर्यंत, बस. तिने वर पाहिलं. कॉलिन जीनकडे बघत होता. जीन कॉलिनकडे बघत होती, भुवया उंचावून. पाहुणे जमिनीकडे बघत होते. दुसऱ्याच्या मनोऱ्यात पाहुण्यांनी बोलायचं नसतं. टेड कुणाकडेच बघत नव्हता. आणि मग ब्रायनीला कळलं, आणि ते इतकं साधं होतं की तिला हसू येईल असं वाटलं. सुरू करायची हाक पहिल्या दोरीवरच्याने द्यायची असते. ती जीनने दिली होती. थांबायची हाक मॅज द्यायची. तीस वर्षं मॅज द्यायची. आज ती कोण देणार हे ठरवायचं राहून गेलं होतं. कॉलिनला वाटलं जीन, जीनला वाटलं कॉलिन, आणि हाकेशिवाय कुणी थांबत नाही. एकाने थांबवली तर बाकीच्या तिच्यावर येऊन आपटतात. म्हणून ते वाजवत होते. ज्या बाईला घेऊन जायचं होतं तिच्याच आवाजाची सगळे वाट बघत होते, आणि ती खाली पेटीत होती. मोकळी ओळ, तिच्यात एक भोक. दबलेली ओळ, तिच्यात एक आरोळी. ॲबरडीन, ब्रायनीला वाटलं, हे मी गेले चार महिने असंच वाजवते आहे, आत, न थांबता, आणि बाबा पलीकडे मान उचलून बसले आहेत.

जिन्यावर पावलं वाजली. जिना गोल आणि अरुंद आहे, येणारा दिसायच्या आधी त्याचा श्वास येतो. मग दारात बाबा उभे होते. ते या खोलीत कधी आले नव्हते. मयतासाठी इस्त्री केलेला शर्ट, गळ्याशी आवळलेला टाय, दगडी भिंतीवर टेकलेला एक हात. त्यांनी सहा दोऱ्यांकडे पाहिलं, वर छतातल्या भोकांत नाहीशा होणाऱ्या, आणि मग मधे उभ्या आपल्या मुलीकडे, तिच्या हातांकडे, जणू ते हात त्यांनी यापूर्वी पाहिले नव्हते.

"ब्राय," ते घंटांच्या वरून म्हणाले, "चर्चच्या व्हिकारबाईंनी पाठवलंय. गाडी तयार आहे. तुम्ही वाजवताय तोवर कुणी हलायला तयार नाही. सगळे उभे आहेत थंडीत."

कॉलिनने पुन्हा जीनकडे पाहिलं. जीनच्या डोळ्यांत पाणी आलं.

ब्रायनीच्या हातात दोरीचं टोक आलं. हाक एक ओढ आधी द्यायची. तिने श्वास घेतला, आणि तिला वाटलं होतं तसं काही अडलं नाही.

"थांबा!"

ती तिच्या अपेक्षेपेक्षा मोठ्याने ओरडली होती. एक ओढ गेली. मग जीनची घंटा वर जाऊन तोंड आभाळाकडे करून टेकली, मग टेडची, मग पाहुण्याची, मग तिची, आणि पाचवी, आणि शेवटी कॉलिनची, जड, सावकाश. दोऱ्या थोड्या हलल्या आणि उभ्या राहिल्या. वर, दगडात, काहीतरी अजून गुणगुणत होतं. खाली गाडीचं इंजिन सुरू झालं, आणि वाळूवर खूप जणांचे पाय एकदम हलले.

कॉलिनने बाहीने चेहरा पुसला. "बरं झालं बाई," तो म्हणाला. "मला वाटलं, आता मरेपर्यंत वाजवावं लागतंय."

"तुझ्याकडेच बघत होते मी, गाढवा," जीन म्हणाली आणि रडायला लागली. टेडने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "संपलं का?"

बाबा दारातच होते. त्यांना आत यावं की नाही ते कळत नव्हतं. ब्रायनी दोर गुंडाळत त्यांच्याकडे गेली.

"चौथी माझी होती," ती म्हणाली. "ती एक चुकीची. गादी मी उलट्या अंगाला बांधली. सुरू व्हायच्या आधीच शंका आली होती, बोलले नाही."

"ती मधेच मोठ्याने यायची ती?"

"हो."

"मला वाटलं मुद्दाम केलंय." त्यांनी टायची गाठ सैल करायचा प्रयत्न केला, ती सुटली नाही. "खाली उभं राहून मी तिचीच वाट बघत होतो. बाकीच्या सगळ्या लांब गेल्या की ती यायची." त्यांनी टायवरून हात काढला. "तुझ्या आईच्या वेळी मध्येच बंद केलं त्यांनी. आठवतं?"

चार वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं होतं. त्यांची मान आत्ताही किंचित वर होती, पुढची ओळ यायची असल्यासारखी. दोरीचं टोक तिच्या हातात होतं, ऊबदार, घामाने ओलं. अरुंद जिन्यातून खालची थंड हवा वर येत होती.

"बाबा," ब्रायनी म्हणाली, "मी ॲबरडीनला जाणार आहे."